चिनी रक्षक सिंह, कलेतले आणि घरातले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रक्षक सिंह म्हणजे नेमके काय?

चीनमधील राजवाडे, मंदिरे, जुन्या सरकारी कचेऱ्या, पूल आणि राजघराण्यांची थडगी यांच्या दाराशी जोडीने बसवलेल्या सिंहांच्या मूर्तींना रक्षक सिंह म्हणतात. चिनी लोक त्यांना साधेपणाने ‘शीशी’, म्हणजे दगडी सिंह, असेच म्हणतात. छाती पुढे काढून बसलेला प्राणी, गोल गोल कुरळ्या गाठींची आयाळ, बटबटीत डोळे, रुंद जबडा आणि गळ्यात घुंगरू किंवा गोंडे लावलेला पट्टा हे त्याचे ठरलेले रूप आहे. या पट्ट्याकडे मुद्दाम लक्ष द्यावे. जंगलातल्या सिंहाच्या गळ्यात पट्टा नसतो. येथे तो दाखवला आहे, कारण हा सिंह माणसाळलेला, धन्याच्या दारी राखणीला बसलेला सिंह आहे, आणि त्याच्या चेहऱ्यावर उग्रपणाबरोबर जो एक खेळकरपणा असतो त्याचे मूळही बहुधा यातच आहे.

हे सिंह आहेत की कुत्रे?

हे सिंहच आहेत. पाश्चात्त्य व्यापाऱ्यांनी आणि संग्राहकांनी त्यांना ‘फू डॉग’ हे नाव दिले आणि आपल्याकडच्या भेटवस्तूंच्या दुकानांतही तेच रुळले. चपट्या नाकामुळे आणि कुरळ्या केसांमुळे ते पेकिंगीज किंवा चाऊ चाऊ जातीच्या कुत्र्यांसारखे दिसतात हे खरे आहे, परंतु कोणताही चिनी पाथरवट त्यांना कुत्रा म्हणणार नाही.

चीनमध्ये सिंह नव्हते, तर मग ही मूर्ती तेथे आली कशी?

या विषयातला सर्वांत रसाळ भाग हाच आहे. सिंह हा चीनच्या जंगलांतला प्राणी नव्हे. हान राजवटीच्या काळात (सुमारे इ.स.पूर्व २०६ ते इ.स. २२०) मध्य आशियातून जाणारे व्यापारी मार्ग खुले झाले आणि त्या मार्गांनी पश्चिमेकडच्या राज्यांनी चिनी दरबाराला नजराणे पाठवायला सुरुवात केली. इ.स. ८७–८८च्या सुमारास मध्य आशियातून आणि पार्थियातून, म्हणजे प्राचीन इराणातून, जिवंत सिंह दरबारात आल्याची नोंद चिनी इतिहासग्रंथांत आहे. असे सिंह फार थोड्यांच्या दृष्टीस पडले असणार. बाकीच्यांनी ऐकीव वर्णनावर, परदेशी चित्रांवर आणि स्वतःच्या कल्पनेवर विसंबून सिंह घडवला, आणि त्यामुळेच तो हळूहळू निसर्गातल्या सिंहापासून दूर जाऊन एक स्वतंत्र कलाप्राणी बनला.

याच सुमारास बौद्ध धर्म चीनमध्ये पोहोचत होता आणि त्याच्याबरोबर भारतातला सिंहही पोहोचला. बुद्धाला शाक्यसिंह म्हणतात, त्याच्या आसनाला सिंहासन म्हणतात आणि त्याच्या उपदेशाला सिंहनादाची उपमा देतात. अशोकाचा सारनाथचा सिंहस्तंभ इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातला आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला इतके लांब जाण्याचीही गरज नाही, कारण लोणावळ्याजवळच्या कार्ले येथील चैत्यगृहासमोर जो उंच सिंहस्तंभ उभा आहे, त्याच्या माथ्यावरचे सिंह याच बौद्ध परंपरेतले आहेत. पुढे चीनमध्ये प्रज्ञेचे प्रतीक असलेल्या मंजुश्री बोधिसत्त्वाचे वाहन म्हणून सिंह घराघरांत ओळखीचा झाला. पश्चिम आशियातून आलेला नजराण्याचा सिंह आणि भारतातून आलेला धर्मरक्षक सिंह हे दोन प्रवाह मिळून चिनी रक्षक सिंह तयार झाला आहे, आणि आपल्याकडचा वाचक त्याच्याकडे निव्वळ परकी शोभेची वस्तू म्हणून पाहतो तेव्हा या नात्यातला आपला वाटा त्याच्या लक्षात येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सर्वांत जुने सिंह कोणते?

शांदोंग प्रांतातल्या जियाशियांग येथे वू घराण्याची दगडी स्मारके आहेत. तेथील सिंहांची जोडी इ.स. १४७ची असून, ती सुन जोंग नावाच्या कारागिराने घडवल्याचे आणि तिला चाळीस हजार नाणी खर्च आल्याचे जवळच्याच दगडी द्वारस्तंभावरच्या लेखात कोरलेले आहे. अठराशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचे नाव आणि त्याच्या कामाची किंमत अशी दगडात टिकून राहणे ही दुर्मीळ गोष्ट आहे.

नानजिंगच्या परिसरात इ.स.च्या पाचव्या-सहाव्या शतकांतील राजांच्या आणि राजपुत्रांच्या थडग्यांसमोर पंख असलेले प्रचंड सिंहसदृश प्राणी उभे आहेत. जीभ बाहेर काढलेले, मान मागे टाकलेले हे प्राणी आजही शेतांच्या आणि वस्त्यांच्या मध्ये दिसतात. तांग काळात (सातवे ते दहावे शतक) पंख गेले आणि अंगात बळ आले. सम्राट गाओजोंग आणि सम्राज्ञी वू त्सेतियान यांच्या छ्यानलिंग या समाधीपाशी बसलेले सिंह पाहिले, तर नंतरच्या सर्व सिंहांची बैठक येथेच ठरली असे म्हणावेसे वाटते. हेबेई प्रांतातल्या त्सांगचौ येथील ओतीव लोखंडी सिंह इ.स. ९५३चा आहे आणि त्याची उंची पाच मीटरांहून अधिक आहे. १८०३मध्ये वादळाने तो कोसळला, पुढे पुन्हा उभा करण्यात आला, आणि आज तो जखमी अवस्थेत, टेकू देऊन उभा आहे.

जोडीतला नर कोणता आणि मादी कोणती?

आयाळीवरून ते ओळखता येत नाही, कारण चिनी कलेत दोघांनाही आयाळ असते. पाहायचे ते पंज्याखाली. नराचा पंजा एका चेंडूवर असतो. हा भरतकाम केलेल्या रेशमी पट्ट्यांचा चेंडू असून, दगडातसुद्धा त्याच्यावरची विणीसारखी नक्षी बारकाईने कोरलेली असते. मादीच्या पंज्याखाली छावा असतो. तो बहुधा पाठीवर लोळून आईच्या पंज्याशी खेळताना दाखवलेला असतो, आणि मूर्तीचा सगळा जिव्हाळा त्या छोट्याशा आकृतीत साठवलेला असतो. चेंडू म्हणजे सत्ता किंवा जग आणि छावा म्हणजे वंशाची आणि घराची काळजी, असा अर्थ साधारणपणे लावला जातो.

दोघांच्या जागा कशा ठरवायच्या?

यात पुष्कळांचा गोंधळ होतो, कारण डावे-उजवे हे आपण कोठे उभे आहोत यावर अवलंबून असते. घराच्या आत उभे राहून बाहेर पाहिले, तर नर डाव्या हाताला आणि मादी उजव्या हाताला असावी. म्हणजेच बाहेरून दाराकडे येणाऱ्या पाहुण्याला नर उजवीकडे दिसतो आणि मादी डावीकडे. दक्षिणाभिमुख वास्तूत यामुळे नर पूर्वेकडे येतो, आणि चिनी मांडणीत पूर्व ही मानाची बाजू मानली गेली आहे. चिनी परंपरेत जागा घरधन्याच्या बाजूने ठरते, पाहुण्याच्या बाजूने नव्हे, एवढे ध्यानात ठेवले की चूक होत नाही.

काही सिंहांचे तोंड उघडे आणि काहींचे मिटलेले का असते?

जपानमध्ये याचा नियम स्पष्ट आहे. तेथील मंदिरांसमोरच्या ‘कोमाइनू’ जोडीत एकाचे तोंड ‘अ’ म्हणताना असते तसे उघडे आणि दुसऱ्याचे ‘हुं’ म्हणताना असते तसे मिटलेले असते. संस्कृत वर्णमालेतून बौद्ध धर्माबरोबर तेथे पोहोचलेली आरंभ आणि अंत यांची ही खूण आहे. चीनमध्ये मात्र हा नियम इतका काटेकोर नाही. अनेक जोड्यांत दोघांचीही तोंडे उघडी असतात.

दक्षिण चीनमधल्या, विशेषतः फूजियान आणि ग्वांगडोंगकडच्या सिंहांच्या उघड्या तोंडात दगडाचा एक गोळा असतो. तो जिभेवर इकडून तिकडे फिरतो, पण दातांमधून बाहेर निघत नाही. तो नंतर आत घातलेला नसतो. पाथरवट सुळ्यांच्या फटींतून बारीक छिन्नी आत घालून त्याच दगडातून तो मोकळा कोरतो, आणि शेवटचा धागा तुटेपर्यंत एक घाव जरी वेडावाकडा पडला तरी सुळा मोडतो व सगळे काम वाया जाते. अशी मूर्ती समोर आली, तर बोटाने तो गोळा अलगद फिरवून पाहावा. कारागिराच्या हाताची पारख करायला याहून चांगली कसोटी नाही.

बीजिंगच्या राजवाड्यातले सिंह इतके प्रसिद्ध का आहेत?

तेथे आकार, धातू आणि दर्जा या तिन्ही गोष्टी एकत्र दिसतात. ताइहे द्वारासमोरची ब्राँझची जोडी मिंग काळातली (१३६८–१६४४) मानली जाते आणि राजवाड्यातली सर्वांत मोठी आहे. आतल्या छ्यानछिंग द्वारासमोरचे सिंह सोन्याचा मुलामा दिलेले आहेत आणि त्यांचे कान खाली पडलेले आहेत. या दारापलीकडे सम्राटाचे खासगी निवासस्थान सुरू होत असे. आत राहणाऱ्या राण्यांनी राज्यकारभाराच्या गोष्टींना कान देऊ नयेत हे सुचवण्यासाठी सिंहांचे कान पाडले आहेत, असे तेथील मार्गदर्शक सांगतात. ही लोकांत रुजलेली व्याख्या आहे, तिला शासकीय आज्ञेचे स्वरूप देऊ नये.

आयाळीवरच्या गाठींबद्दलही असेच सांगितले जाते. पहिल्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या दारातल्या सिंहाच्या डोक्यावर तेरा गाठी, त्याखालच्या प्रत्येक दर्जाला एक कमी, आणि सातव्या दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याला दारात सिंह ठेवण्याची मुभाच नाही, असा तो संकेत आहे.

मग सामान्य माणसाच्या घरी सिंह नव्हते का?

होते, आणि माझ्या मते घराच्या सजावटीचा विचार करणाऱ्याने राजवाड्यातल्या सिंहांपेक्षा या घरगुती सिंहांकडेच अधिक पाहावे.

बीजिंगच्या जुन्या गल्ल्यांमध्ये चौसोपी घरांच्या दाराला दोन्ही बाजूंना दगडी ठोकळे असतात. त्यांचा आतला भाग दाराची चूळ पेलतो आणि बाहेरचा भाग शोभेसाठी कोरलेला असतो. सुखवस्तू घरी तो ढोलाच्या आकाराचा असतो आणि त्या ढोलावर वीतभर उंचीचा सिंह बसलेला किंवा पहुडलेला असतो. पिढ्यान्‌पिढ्या मुले त्यावर बसून खेळल्यामुळे त्याचे नाक-डोळे झिजून गुळगुळीत झालेले असतात. मोठे सिंह ठेवण्याचा मान नसलेल्या घरांनी अशा रीतीने राखणदाराला उंबरठ्याशी जागा दिली.

उत्तर शान्शीच्या पिवळ्या मातीच्या डोंगराळ प्रदेशात, स्वीदे आणि आसपासच्या भागांत, याहून हृद्य प्रकार आढळतो. तेथील घरांत विटामातीचा उंच ओटा असतो, त्याच्या पोटातून चुलीची ऊब फिरते आणि हिवाळ्यात सगळे कुटुंब त्यावरच बसते, जेवते आणि झोपते. या ओट्यावर हातात मावेल एवढा दगडी सिंह ठेवलेला असे. त्याच्या पायांमधून आरपार भोक पाडलेले असे. आई कामात असताना रांगते मूल ओट्यावरून खाली पडू नये, म्हणून मुलाच्या कमरेला बांधलेल्या दोरीचे दुसरे टोक या भोकातून ओवून सिंहाला बांधले जाई. म्हणजे सिंहाने बाळाचे रक्षण करावे ही श्रद्धा तर होतीच, पण तो खरोखर वजनाने बाळाला धरूनही ठेवत असे. गावच्याच पाथरवटाने मोजक्या घावांत केलेले हे सिंह एकमेकांसारखे मुळीच नसतात. कोणी हसरा, कोणी रुसलेला, तर कोणी चक्क माणसाच्या तोंडाचा असतो. ब्राँझच्या दिमाखदार सिंहांपुढे हे ओबडधोबड सिंह कोणाला साधे वाटतील, परंतु रक्षण या कल्पनेचा इतका प्रत्यक्ष आणि इतका मायेचा आविष्कार मला दुसरीकडे कोठे आढळलेला नाही.

त्याच प्रांतात घोडे बांधण्याचे दगडी खांबही असत आणि त्यांच्या माथ्यावर सिंह किंवा सिंहावर स्वार झालेला परदेशी माणूस कोरलेला असे.

एकाच ठिकाणी अनेक प्रकारचे सिंह पाहायचे असतील तर कोठे जावे?

बीजिंगच्या नैर्ऋत्येला असलेल्या लुगोऊ पुलावर जावे. हा अकरा कमानींचा दगडी पूल ११९२मध्ये पूर्ण झाला आणि १६९८मध्ये त्याची मोठी पुनर्बांधणी झाली. १९३७च्या जुलैत जपान आणि चीन यांच्यातल्या युद्धाची ठिणगी येथेच पडली. त्याच्या कठड्यांना २८१ खांब आहेत आणि प्रत्येकाच्या माथ्यावर सिंह आहे. मात्र मोठ्या सिंहांच्या अंगाखांद्यावर छावे लपलेले असल्यामुळे एकूण आकडा मोजणाऱ्यागणिक बदलत आला आहे. १९६२च्या मोजणीत तो ४८५ भरला आणि पुढच्या मोजणीत ५०१पर्यंत गेला. ‘लुगोऊ पुलावरचे सिंह, मोजता मोजवेनात’ अशा अर्थाची म्हणच तिकडे आहे. कानामागे दडलेला छावा, पोटाखालून अर्धे तोंड बाहेर काढणारा छावा, आईच्या पाठीवर चढू पाहणारा छावा असे सावकाश शोधत गेले, तर पूल ओलांडायला अर्धा दिवस सहज लागतो. शिवाय वेगवेगळ्या शतकांत झिजलेले सिंह बदलून नवे बसवले गेल्यामुळे शैलीतला फरकही तेथल्या तेथे ताडून पाहता येतो.

इतर देशांत दिसणारे असे प्राणी हेच का?

हे एकाच गोतावळ्यातले आहेत, पण प्रत्येकाची घडण वेगळी आहे. जपानमधल्या नारा येथील तोदाइजी मंदिराच्या महाद्वारातले दगडी सिंह ११९६मध्ये चीनमधून आलेल्या कारागिरांनी घडवले. ओकिनावात त्यांना ‘शीसा’ म्हणतात. तेथे ते कौलारू छपरांवर बसतात, आणि तोमिमोरी गावातला १६८९चा दगडी शीसा आगीपासून गावाचे रक्षण व्हावे म्हणून बसवलेला आहे. १९४५च्या लढाईत लागलेल्या गोळ्यांच्या खुणा त्याच्या अंगावर अजून आहेत. तिबेटचा हिमसिंह शुभ्र अंगाचा आणि हिरव्या-निळ्या आयाळीचा असतो. म्यानमारमध्ये ‘चिंते’ नावाचे प्रचंड सिंह पॅगोडांच्या पायऱ्यांशी बसतात. लोकमान्य टिळकांच्या कारावासामुळे मराठी माणसाला ज्या मंडालेचे नाव पाठ आहे, त्या गावातल्या टेकडीच्या दक्षिण पायथ्याशी अशी एक अवाढव्य जोडी आहे. बँकॉकच्या वाट फो मंदिरातल्या अनेक चिनी दगडी मूर्ती व्यापारी जहाजांना स्थैर्य यावे म्हणून तळाशी भरलेले वजन म्हणून तेथे पोहोचल्या आहेत. सिंगापूरला राहणाऱ्या वाचकांना १८४२मध्ये पूर्ण झालेल्या थियान हॉक केंग मंदिराच्या दारातले सिंह सहज पाहता येतील.

हाँगकाँगमधल्या हाँगकाँग अँड शांघाय बँकेच्या दारातली १९३५ची ब्राँझची जोडी मात्र या घराण्यातली नव्हे. त्यांची घडण पाश्चात्त्य वळणाची आहे. तरीही ये-जा करणारे लोक त्यांच्या पंज्यांना श्रद्धेने हात लावतात. दुसऱ्या महायुद्धात वितळवण्यासाठी त्यांना जपानला नेण्यात आले होते आणि युद्धानंतर ते परत आले.

महाराष्ट्रातल्या किल्ल्यांच्या दारांवर दिसणारे शरभ, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक प्राणी, आणि जंजिऱ्याच्या दारावरचे हत्तींना पंज्यांत धरलेल्या प्राण्याचे शिल्प यांचा चिनी सिंहांशी थेट संबंध जोडू नये. दाराशी बलवान प्राणी असावा ही इच्छा दोन्हीकडे आहे, इतकेच म्हणता येईल. फरकही लक्षणीय आहे. आपला शरभ शत्रूच्या हत्तीला चिरडतो, तर चिनी सिंह पंज्याखाली चेंडू आणि बाळ घेऊन बसतो.

पिशिऊ आणि छीलिन हेही सिंहच आहेत का?

नाहीत, ते चिनी दंतकथांतले वेगळे प्राणी आहेत. दुकानांत या तिघांची नेहमी सरमिसळ होते. पिशिऊला शिंग आणि बहुधा पंख असतात आणि तो संपत्तीशी जोडला जातो. छीलिनच्या अंगावर खवले असतात आणि पायांना खूर असतात. खूर दिसले की तो सिंह नव्हे, एवढी खूण पुरेशी आहे.

घरात शोभेसाठी ठेवण्याच्या छोट्या सिंहांची परंपरा किती जुनी आहे?

मेजावर ठेवण्याजोगे सिंह जेड, लाकूड, ब्राँझ आणि चिनीमाती यांत अनेक शतके होत आले आहेत. फूजियानमधल्या देहुआ येथील दुधाळ पांढऱ्या चिनीमातीचे सिंह उदबत्ती खोचण्यासाठी बाजूला नळी असलेले असत, आणि सतराव्या-अठराव्या शतकांत ते जहाजे भरभरून युरोपला गेले. कांगशी सम्राटाच्या काळातले, म्हणजे १६६१ ते १७२२ या काळातले, हिरव्या-पिवळ्या-जांभळ्या रंगांतले सिंह पॅरिसच्या कारागिरांनी सोनेरी मुलाम्याच्या ब्राँझच्या बैठकींवर चढवून तेथील दिवाणखान्यांत ठेवले. उदबत्तीचे घर युरोपात गेल्यावर निव्वळ शोभेची वस्तू झाले. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमवलेला चिनी आणि जपानी कलावस्तूंचा संग्रह आहे. खरेदीला जाण्यापूर्वी तेथे दोन तास घालवून चांगली चिनीमाती, चांगले जेड आणि चांगले कोरीव काम यांची डोळ्यांना सवय करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

आपल्या घरात ही जोडी कोठे ठेवावी?

रक्षक सिंहाची जागा उंबरठ्याशी आहे, हे मूळ सूत्र धरून चालावे. बंगला किंवा गावाकडचे घर असेल, तर फाटकाच्या किंवा मुख्य दाराच्या दोन्ही बाजूंना, तोंडे बाहेर करून, थोड्या उंच चौथऱ्यावर त्यांना बसवावे. चौथरा हवाच. चिनी परंपरेत अशा मूर्तीखालच्या कमलदलांच्या नक्षीच्या बैठकीला सुमेरू पर्वताचे नाव आहे, आणि मूर्ती नुसती जमिनीवर टेकवली तर तिचा सगळा रुबाब जातो.

सदनिकेत राहणाऱ्यांनी सामाईक मार्गिकेत मूर्ती ठेवू नयेत. सोसायटीचा नियम असो वा नसो, आग लागल्यास किंवा धावपळीच्या वेळी ती वाट मोकळी असणे आवश्यक आहे. दारातून आत आल्यावर लागणाऱ्या चिंचोळ्या मेजावर, दाराकडे तोंड करून, वीतभर उंचीची जोडी ठेवली तरी मूळ कल्पना जपली जाते. पुस्तकांच्या रांगेला दोन्ही टोकांनी आधार देणारे सिंह हीसुद्धा चांगली योजना आहे, फक्त ते एकमेकांकडे पाठ करून बाहेर पाहणारे असावेत. देवघरात त्यांना बसवू नये. ते दैवत नाहीत, चिनी घरातही ते द्वारपालच आहेत. न्हाणीघर, स्वयंपाकाच्या ओट्याची कडा आणि दूरदर्शन संचाचा माथा या जागाही त्यांना शोभत नाहीत.

आकाराच्या बाबतीत मोह आवरावा. कमरेएवढ्या उंचीचे सिंह दुकानाच्या मोकळ्या अंगणात सुंदर दिसतात, परंतु साध्या रुंदीच्या दारापाशी ते दारालाच गिळून टाकतात. शिवाय भरीव ग्रॅनाइटचे वजन घनमीटरला सुमारे २.६ ते २.७ टन असते. गुडघ्याएवढी मूर्तीसुद्धा दोघांना सहजी उचलत नाही, म्हणून गॅलरीत किंवा गच्चीवर मोठी जोडी बसवण्यापूर्वी बांधकामाच्या जाणकाराला विचारावे.

फेंगशुईप्रमाणे त्यांच्यामुळे घरात भरभराट होते का?

चिनी परंपरेत त्यांच्याकडून रक्षणाची अपेक्षा केली जाते, अनिष्ट गोष्टी दारातच अडवाव्यात इतकीच. भरभराटीची आणि पदोन्नतीची आश्वासने बहुतेक वेळा विक्रेत्यांनी चिकटवलेली असतात. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ती ठेवावी, परंतु मूर्तीची किंमत ठरवताना तिचे कोरीवकाम पाहावे, तिच्याबरोबर दिलेले पत्रक नव्हे.

खरेदी करताना काय पाहावे?

आज चीनमध्ये दगडी सिंहांची मोठी केंद्रे दोन आहेत, ग्रॅनाइटसाठी फूजियानमधले हुईआन आणि संगमरवरासाठी हेबेईमधले छूयांग. आपल्या बाजारात मिळणारे बहुसंख्य सिंह मात्र रेझिनचे किंवा दगडाची भुकटी मिसळून साच्यात ओतलेले असतात. तसे असण्यात गैर काही नाही, दगड म्हणून विकले तर मात्र गैर आहे. मूर्ती उलटी करून तळ पाहावा. साच्याच्या दोन भागांची जोडरेषा, हवेचे बारीक बुडबुडे, किंवा सगळीकडे एकसारखा बोथटपणा दिसला तर ती ओतीव आहे. कोरलेल्या मूर्तीत पोटाखाली, कानामागे, पंज्यांच्या बेचक्यात छिन्नीच्या खुणा राहतातच. दगड हाताला गार लागतो आणि आकाराच्या मानाने जड भरतो.

त्यानंतर चेहरा पाहावा. दोन्ही सिंहांचे चेहरे हुबेहूब सारखे असतील, तर ते यंत्राने किंवा एकाच साच्यातून आलेले असण्याची शक्यता अधिक. चांगल्या जोडीत नर आणि मादी यांच्या चेहऱ्यांत सूक्ष्म फरक असतो. मान एकमेकांकडे किंचित वळलेली असते. छाव्याला नाक-डोळे नीट आहेत का हेही पाहावे, कारण घाईचे काम सर्वांत आधी छाव्यावर उघडे पडते.

जुनी, पुरातन म्हणून विकली जाणारी जोडी घ्यावी का?

घेऊ नये, असेच मी सांगेन. आम्लात बुडवून, माती चोळून जुनाट बनवलेल्या मूर्ती सर्रास विकल्या जातात. आणि मूर्ती खरोखर जुनी असेल, तर ती कोणाच्या तरी दारातून उखडलेली असण्याची शक्यता असते. विसाव्या शतकातल्या चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीत, म्हणजे जुन्या परंपरांविरुद्धच्या मोहिमेत, असंख्य सिंह फोडले गेले. त्यातून वाचलेले गावोगावचे दारठोकळे आणि घोडे बांधायचे खांब पुढे चोरट्या बाजारात गेले आहेत. आपल्या दिवाणखान्याच्या शोभेसाठी दुसऱ्याचा उंबरठा ओका होऊ नये. भारतात शंभर वर्षांहून जुन्या शिल्पांना १९७२चा पुरावस्तू कायदा लागू होतो आणि खासगी व्यक्तीला अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, हे परदेशी जाणाऱ्या कुटुंबांनी लक्षात ठेवावे. हस्तिदंती सिंह जुना असो वा नवा, त्याच्या वाटेला जाऊच नये. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याचा व्यापार गुन्हा आहे.

स्वच्छता कशी करावी?

ग्रॅनाइटला साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. पावसाळ्यात शेवाळ धरले तर तेही त्यानेच निघते. संगमरवराला लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा फरशी घासण्याचे आम्ल कधीही लावू नये, कारण त्याने दगडच खाल्ला जातो आणि तुकतुकी कायमची जाते. ब्राँझवर आपली सवयीची चिंच आणि भांडी उजळवायची पावडर चालवण्याचा मोह होतो, तोही टाळावा. वर्षानुवर्षांनी चढलेला तपकिरी-हिरवट थर हा मळ नसून धातूचे कवच आहे आणि मूर्तीचे सौंदर्य बऱ्याच अंशी त्यातच असते. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसावी. मात्र मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या खाऱ्या हवेत ब्राँझवर फिकट हिरवी, भुकटीसारखी फुली उठू लागली, तर ती वेगळी गोष्ट आहे. तो धातूला आतून पोखरणारा क्षार असतो. अशी मूर्ती लगेच कोरड्या जागी हलवून जाणकाराला दाखवावी.

जोडीतला एक सिंह फुटला किंवा एकच मिळाला तर काय करावे?

परंपरेनुसार सिंह जोडीनेच ठेवतात आणि एक निकामी झाला तर दोन्ही बदलतात. परंतु जुनी, चांगल्या हाताची मूर्ती असेल तर ती टाकून देण्याचे कारण नाही. दगडाचा तुटलेला पंजा किंवा कान योग्य चिकटद्रव्याने बेमालूम बसवता येतो, म्हणून पडलेला प्रत्येक तुकडा, अगदी कपची सुद्धा, कागदात गुंडाळून जपून ठेवावा. एकटा सिंह दाराशी न ठेवता मेजावर किंवा पुस्तकांच्या कपाटात ठेवावा. शान्शीच्या ओट्यावरचा सिंह एकटाच असे, त्यामुळे एकट्या सिंहाला घरात जागा देण्यासही परंपरेचा आधार आहे.